लूट बॉक्स, मायक्रोट्रान्झॅक्शन आणि खेळाडूंचा संताप : आपल्या ओरडण्याने नक्की काय बदललं?

शेवटची_लेव्हल (धागाकर्ता)

दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "गेमर लोक आठवडाभर बोंब मारतात आणि मग मुकाट्याने कार्ड काढतात." मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

नोव्हेंबर २०१७ आठवा. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' बाजारात यायला थोडेच दिवस होते. ज्यांना आधी खेळायला मिळाला त्यांनी हिशोब मांडला. डार्थ व्हेडर किंवा ल्यूक स्कायवॉकर उघडायचा तर ६०,००० क्रेडिट (गेममधलं चलन), म्हणजे नेहमीच्या वेगाने खेळलं तर एकेका पात्रामागे सुमारे ४० तास. गेम फुकटातला नव्हता, पूर्ण किंमत मोजून घ्यायचा होता. शिवाय लढाईत प्रत्यक्ष फायदा देणारी स्टार कार्डं लूट बॉक्समधून, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या पेट्यांमधून, निघायची आणि ते बॉक्स पैसे टाकून घेता येत होते. रेडिटवर एकाने तक्रार केली. त्यावर गेमची प्रकाशक कंपनी ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) हिच्या अधिकृत खात्यावरून उत्तर आलं की पात्र उघडल्यावर खेळाडूला अभिमान वाटावा, काहीतरी कमावल्याचं समाधान मिळावं हा त्यामागचा हेतू आहे. या उत्तराला ६ लाख ८० हजारांच्या आसपास डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर जे झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. कंपनीने पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या, ६०,०००चे १५,००० झाले. काही तासांत लोकांनी दाखवून दिलं की कथेचा भाग पूर्ण केल्यावर मिळणारं बक्षीसही २०,०००वरून ५,०००वर आणलंय. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. हे पकडलं गेल्यामुळे आग विझली नाही. १६ नोव्हेंबरला, विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गेममधली पैशांची सगळी खरेदी, म्हणजेच मायक्रोट्रान्झॅक्शन, बंद झाली. मार्च २०१८मध्ये प्रगतीची अख्खी पद्धत बदलली आणि स्टार कार्डं खेळूनच मिळवायची असं ठरलं.

"कंपन्या हावरट आहेत" असं ओरडून हे झालं नाही. लोकांनी क्रेडिट मोजले, तास मोजले, बक्षिसात केलेली काटछाट शोधून काढली, म्हणून झालं. विरोध नेमका असला की लागू पडतो असं माझं मत आहे. तुमचे अनुभव लिहा. जिथे हरलो तेही लिहा.

रातकिडा

सहमत, पण त्यात एक भर घालतो. "दिसण्यापुरत्या वस्तू विका, ताकद विकू नका" हा आपला नेहमीचा निकष. मला तो अपुरा वाटतो. दुकान गेममध्ये आलं की त्याच्या आजूबाजूचा गेम बदलतो, मग दुकानात काहीही असो.

'मिडल-अर्थ: शॅडो ऑफ वॉर' घ्या, तोही २०१७चाच. एकट्याने खेळायचा गेम. त्याचा जीव होता नेमेसिस पद्धतीत. तुम्हाला मारणारा एखादा य:कश्चित ऑर्क (शत्रूच्या फौजेतला राक्षस) पुढे बढती घेतो, तुम्हाला ओळखतो, तुमच्यावर डूख धरतो. त्याला हरवून आपल्या बाजूला वळवण्यात खरी मजा. आणि याच गेममध्ये त्यांनी पेटीतून तयार ऑर्क विकायला ठेवले. शेवटचा टप्पा इतका लांबवला होता की एकामागून एक किल्ले राखत बसा नाहीतर पेट्या घ्या. जुलै २०१८मध्ये तो बाजार काढला गेला आणि शेवटचा टप्पाही आटोपशीर केला. त्या वेळी निर्मात्यांनी स्वतःच कबूल केलं की पैशाने ऑर्क मिळण्याची नुसती सोय असल्यानेसुद्धा त्या जगातली गुंतवणूक पातळ होते.

एकही पैसा न टाकता मी तो टप्पा खेळलो होतो. तिसऱ्या किल्ल्याच्या वेळी हल्ला परतवताना लक्ष लढाईवर नव्हतंच. हे अजून किती वेळा करायचंय आणि किती वेळा करायला लावलंय, हाच विचार डोक्यात. रचनाकाराने हे अवघड केलंय की विक्री विभागाने, अशी शंका एकदा मनात आली की तो गेम पूर्वीसारखा खेळता येत नाही. दुकानाकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांचं हे नुकसान आहे, आणि ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मोजपट्टी

शक्यतेचा हिशोब मी मांडतो, कारण "एक टक्का शक्यता" ऐकलं की बहुतेकांच्या डोक्यात "शंभर वेळा उघडलं की एकदा मिळणार" असंच येतं.

प्रत्येक बॉक्स स्वतंत्र असेल तर १ टक्का शक्यतेच्या वस्तूसाठी १०० बॉक्स उघडूनही ती न मिळण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के. तिघांपैकी एकाहून अधिक जण रिकाम्या हाताने परत जाणार. ९० टक्के खात्री हवी तर २३० बॉक्स लागतात.

आता खरं उदाहरण. 'काउंटर-स्ट्राइक'च्या केसमध्ये (तिथल्या लूट बॉक्सचं नाव) चाकू किंवा तसली अतिदुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. हा आकडा जगाला कळला तोच मुळी चीनमुळे. तिथे २०१७पासून शक्यता जाहीर करणं बंधनकारक झालं आणि तिथल्या वितरकाला ती छापावी लागली. ०.२६ टक्के म्हणजे सरासरी ३८५ केसमागे एक. केस उघडायला लागणारी एक किल्ली २.४९ डॉलरची, म्हणजे नुसत्या किल्ल्यांचा खर्च ९५० डॉलरच्या वर. आणि एवढं करूनही ३७ टक्के लोकांच्या हाती त्या ३८५ केसमधून एकही चाकू लागणार नाही.

आणखी एक. तिथे केस उघडताना वस्तूंची पट्टी सरकते, हळूहळू मंदावते आणि चाकूच्या शेजारी येऊन थांबते. बघणाऱ्याला वाटतं, थोडक्यात हुकलं. थोडक्यात वगैरे काही नसतं. निकाल आधीच ठरलेला असतो, पट्टी नंतर फिरते.

पडद्यामागचा

गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. कुठल्या ते लिहीत नाही. दोन्ही बाजू लिहितो.

आधी खर्चाचं. मोठ्या गेमचा निर्मितीखर्च अनेक पटींनी वाढला, पण २००५च्या सुमारास ६० डॉलरवर गेलेली किंमत २०२०पर्यंत तिथेच राहिली. मग ७० झाली. सर्व्हर, दर काही आठवड्यांनी नवा मजकूर, फसवणूक पकडणारी टीम, हे सगळं वर्षानुवर्षं चालवायचं तर विक्रीनंतरही पैसा यावा लागतो. ही अडचण खरी आहे आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या लोकांचे पगार त्यातूनच होतात.

पण "त्यासाठी सगळे थोडं थोडं देतात" हे खरं नाही. फुकट गेममध्ये बहुसंख्य खेळाडू कधीच पैसे देत नाहीत. लूट बॉक्सवर पैसे घालवणाऱ्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात वरच्या ५ टक्के खर्चिकांकडून जवळपास निम्मा महसूल येताना दिसला. हे लोक श्रीमंत असतील असं आपण धरून चालतो. त्या अभ्यासात खर्चाचा संबंध उत्पन्नाशी लागला नाही, जुगाराच्या व्यसनाच्या लक्षणांशी लागला. २०१८मध्ये ७,४२२ खेळाडूंच्या पाहणीतही हाच धागा सापडला होता : ज्यांची जुगाराची समस्या जास्त तीव्र, त्यांचा लूट बॉक्सवरचा खर्चही जास्त. लूट बॉक्समुळे व्यसन लागतं की व्यसनी माणूस तिकडे ओढला जातो हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण कंपनीच्या जागी बसून विचार करा. दोन्ही शक्यतांमध्ये पैसा कुणाकडून येतोय?

आता गेममधल्या चलनाबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. समजा स्किनची (पात्राच्या वेगळ्या पेहरावाची) किंमत १,२०० रत्नं आहे. दुकानात रत्नांचे गठ्ठे १,०००चे आणि २,५००चे. १,०००त भागत नाही. २,५०० घेतलेत तर स्किन घेऊन १,३०० उरतात. पुढची स्किन १,५००ची. आता पुन्हा गठ्ठा घ्यावा लागणार, कारण आधीची रत्नं "वाया" घालवायची नसतात. हे गठ्ठे अंदाजाने ठरत नाहीत. बैठका होतात, दोन गटांना दोन वेगळे गठ्ठे दाखवून बघितलं जातं, शिल्लक किती उरली की माणूस परत येतो याचे तक्ते असतात. खऱ्या चलनात किंमत लिहिली तर विक्री घटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा बैठकीत मी बसलोय. बॉक्सवर बंदी आली तरी हे गठ्ठे तसेच राहतात, म्हणून मला बॉक्सपेक्षा याचा जास्त राग आहे.

जुनं_काडतूस

पडद्यामागचा, प्रतिसाद आवडला. आतल्या माणसाने इतकं स्पष्ट लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं.

थोडा इतिहास. एप्रिल २००६, 'ऑब्लिव्हियन'मधलं घोड्याचं चिलखत, किंमत २.५० डॉलर. घोड्याला घालायचं, बाकी काही नाही. लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या आणि विकतही घेतलं. त्या वेळचा विरोध शाब्दिकच राहिला.

२०११च्या जूनमधली गोष्ट मात्र नव्या खेळाडूंनी आवर्जून वाचावी. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये पात्राच्या डोळ्याला लावायचा एकभिंगी चष्मा ६० डॉलरहून जास्त किमतीला विकायला आला. नुसता दिसण्यापुरता. पण त्याच सुमारास कंपनीचं एक अंतर्गत पत्रक फुटलं, त्यात पैशांच्या बदल्यात फायदा देणाऱ्या वस्तूंची चर्चा होती. खेळाडू गेममधल्या जिता नावाच्या व्यापारी सूर्यमालेत हजारोंनी जमले आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार करत राहिले. स्मारक पडत नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सर्व्हरवर ताण यावा आणि आपण किती आहोत ते दिसावं यासाठी ते चाललं होतं. त्याच्या जोडीला अनेकांनी मासिक वर्गणी बंद केली. मग कंपनीने खेळाडूंनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी मंडळाला आइसलँडला बोलावून घेतलं, आणि पैशाने ताकद विकणार नाही असं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली, आणि सुमारे २० टक्के कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

या शेवटच्या वाक्याचा मला त्रास होतो. निर्णय घेणारे वेगळे होते आणि नोकरी गमावणारे बहुतेक वेगळे.

दोन_मुलांची_आई

मी गेम खेळत नाही. धाकट्यामुळे या विषयात पडले आणि हा धागा वरपासून वाचला.

गेमचं नाव देत नाही. त्याला वाढदिवसाला मिळालेले पैसे त्याने माझ्या परवानगीने खात्यात भरले होते, त्यामुळे चोरी-बिरी काही नाही. मी शेजारी बसून बघत होते. पेटी उघडताना एक बटण दाबलं की ती रोषणाई टाळून थेट निकाल बघता येतो. तो ते बटण दाबत नव्हता. मी विचारलं, "लवकर बघ ना काय आलंय." तर म्हणाला, "आई, पिवळा प्रकाश आला की चांगलं असतं, थांब." प्रत्येक पेटीला श्वास रोखून बसायचा. निळा आला की लगेच पुढची. आत काय निघालं ते तो वाचतही नव्हता. सगळे पैसे संपल्यावर मी विचारलं, काय काय मिळालं? त्याला दोनच नावं सांगता आली.

पैसे फार नव्हते. तो चेहरा मला आवडला नाही. मोजपट्टी यांनी पट्टी नंतर फिरते असं लिहिलंय ते मी त्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे पिवळा येणार की नाही ते आधीच ठरलेलं?" हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

माझा प्रश्न असा, घरात नक्की काय करायचं? गेम बंद केला तर त्याचे मित्र तुटतात, ते सगळे तिथेच भेटतात.

गोलरक्षक

ताई, उत्तर देणारे इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. मी फक्त ईएच्या 'फिफा' या फुटबॉल गेममधल्या अल्टिमेट टीमबद्दल लिहितो, कारण तिथे आपण हरलोय आणि धाग्यात ते यायला हवं.

२००९पासून ही पद्धत आहे. पॅक उघडा, खेळाडूंची कार्डं मिळवा, संघ बांधा. पुढच्या वर्षी नवा गेम येतो आणि संघ पुन्हा शून्यापासून. जुनी कार्डं जुन्या गेममध्येच पडून राहतात. दर वर्षी लोक चिडतात, दर वर्षी हॅशटॅग चालतो. २०२१च्या आर्थिक वर्षात ईएला अल्टिमेट टीममधून १६२ कोटी डॉलर मिळाले. बॅटलफ्रंटमध्ये माघार घेणारी कंपनी हीच. तिथे नवा गेम तोंडावर होता, एक मोठा चित्रपट येत होता, नाव खराब होण्याची भीती होती. इथे दर वर्षी गिऱ्हाईक ठरलेलं, आणि खऱ्या संघांचा परवाना असलेला दुसरा तोडीचा गेम नाही.

एक बदल मात्र झाला. २०२१च्या जूनमध्ये आत काय आहे ते आधी दाखवणारे पॅक आले. आवडलं तर घ्या, नाहीतर ठरावीक वेळ थांबा, मग नवा पॅक बघता येतो. मी ते वापरायला लागल्यापासून विकत घेणं जवळपास थांबलं. आत काय आहे हे दिसलं की लक्षात येतं, याला आपण पैसे दिलेच नसते.

कलम_वाचक

कायद्याचं चित्र थोडक्यात. जपानने २०१२मध्ये 'कोंपू गाचा' बंद पाडला (गाचा म्हणजे तिथला लूट बॉक्स). त्यात गाचातून ठरावीक संच पूर्ण केला की मोठं बक्षीस मिळायचं. म्हणजे शेवटच्या एका वस्तूसाठी माणूस खर्च करतच राहणार. नेहमीचा गाचा तिथे आजही चालू आहे. चीनचं वर आलंच आहे.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८मध्ये 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक'मधले पैशाचे लूट बॉक्स बेकायदा जुगार ठरवले. ईएने जानेवारी २०१९मध्ये तिथे फिफा पॉइंट (पॅक घ्यायचं चलन) विकणं थांबवलं. बातम्या इथे संपतात. पण नंतर एका संशोधकाने तिथली सर्वाधिक कमाईची १०० आयफोन गेम तपासली, तर ८२मध्ये लूट बॉक्स होतेच. बंदी मोठ्या नावांनी पाळली, बाकीच्यांवर अंमलबजावणी झालीच नाही.

नेदरलँड्समध्ये ईएला १ कोटी युरोचा दंड झाला होता. मार्च २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय दिलं ते महत्त्वाचं आहे : पॅक उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा तो भाग आहे. रातकिडा यांनी वर जे लिहिलंय, की दुकान आणि गेम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, तोच मुद्दा कोर्टात कंपनीच्या बाजूने गेला.

ब्रिटनमध्ये २०१९च्या संसदीय समितीपुढे ईएच्या अधिकाऱ्याने लूट बॉक्सची तुलना खेळणं निघणाऱ्या चॉकलेटच्या अंड्याशी केली होती. समितीने ती मानली नाही, जुगाराच्या कायद्याखाली आणा अशी शिफारस केली. सरकारने २०२२मध्ये कायदा न बदलता उद्योगावरच सोपवलं. ऑस्ट्रेलियात २२ सप्टेंबर २०२४पासून पैशाचे लूट बॉक्स असलेल्या नव्या गेमला किमान 'एम' (१५ वर्षांखालच्यांसाठी शिफारस नाही) हे मानांकन लागतं. अमेरिकेत जानेवारी २०२५मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या कंपनीने २ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत : १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत, शक्यता आणि चलनाचा विनिमय दर जाहीर करायचा, आणि बॉक्स थेट खऱ्या पैशाने घेण्याचा पर्याय द्यायचा. पडद्यामागचा यांचे गठ्ठे इथे कागदावर आले.

मोजपट्टी

त्या चॉकलेटच्या अंड्याबद्दल. अंड्याची किंमत खऱ्या पैशांत लिहिलेली असते, अंडं विकत घेणाऱ्याला तुम्ही काल किती अंडी फोडलीत हे दुकान विचारत नाही, आणि रात्री दोन वाजता पलंगावर पडल्या पडल्या चारशे अंडी फोडता येत नाहीत. मुलाला नको असलेलं खेळणं आलं तर ते शेजारच्या मुलाशी बदलता येतं. या चारपैकी एकही गोष्ट बहुतेक लूट बॉक्सना लागू नाही.

शांत_नेमबाज

मी विरोधी मत मांडतो, रागावू नका.

बॉक्स गेल्याने आपण जिंकलो का? पहिल्या 'ओव्हरवॉच'मध्ये लेव्हल वाढली की बॉक्स मिळायचा. पैसे न टाकता माझ्याकडे जवळपास सगळ्या आवडत्या स्किन होत्या. आपण इतकी वर्षं ओरडलो, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये 'ओव्हरवॉच २' आला तो बॉक्सशिवाय. त्या जागी थेट दुकान आणि बॅटल पास (पैसे भरायचे आणि मग खेळत जाऊन बक्षिसं मिळवायची). लेजेंडरी (सर्वात भारी) स्किन तेव्हा १,९०० नाण्यांची, म्हणजे २० डॉलरच्या घरात. खेळून आठवड्याला जास्तीत जास्त ६० नाणी. एका स्किनसाठी सात महिन्यांहून अधिक, तेही सगळी आव्हानं दर आठवड्याला पूर्ण केली तर. लोक जुने बॉक्स परत मागायला लागले आणि २०२५मध्ये ते परत आलेही, फक्त थेट पैशाने विकत मिळत नाहीत.

'रॉकेट लीग'चंही तेच. २०१९च्या डिसेंबरमध्ये क्रेट (तिथले लूट बॉक्स) काढून ब्लूप्रिंट आणल्या. आत काय आहे ते दिसायला लागलं, पण किमती अशा लावल्या की काही दिवसांत त्यांनाच त्या उतरवाव्या लागल्या. पारदर्शकता आली की आपोआप स्वस्ताई येते हा आपला समज चुकीचा आहे.

शेवटची_लेव्हल

रागावण्यासारखं काहीच नाही, उलट हा मुद्दा माझ्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. पण माझा निष्कर्ष वेगळा निघतो. आपण मागणी काय केली होती? "बॉक्स काढा." त्यांनी काढला. मागणी "खेळून मिळणाऱ्या गोष्टींचा वेग घटवू नका" अशी असती तर आठवड्याच्या ६० नाण्यांवर पहिल्याच दिवशी बोट ठेवता आलं असतं. आणि ब्लूप्रिंटच्या किमती उतरल्या त्या किंमत दिसत होती म्हणूनच. क्रेटमध्ये त्याच वस्तूला किती पैसे पडतात हे कुणालाच सांगता येत नव्हतं, मग भांडणार कशावर?

चुकीच्या नेमाचंही एक उदाहरण आहे. मार्च २०२४, 'ड्रॅगन्स डॉग्मा २'. पहिल्या दिवशी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक परीक्षणांचा पाऊस पडला, कारण प्रवासासाठीचा पोर्टक्रिस्टल वगैरे विकायला ठेवलेलं दिसलं. अनेकांनी लिहिलं की पैसे न देता झटपट प्रवास करताच येत नाही. प्रत्यक्षात या सगळ्या वस्तू गेममध्ये खेळता खेळता मिळत होत्या. पूर्ण किमतीच्या गेममध्ये हे दुकान नकोच होतं, यावर मी ठाम आहे. पण तक्रारीत एक चुकीची गोष्ट आली की कंपनीला तेवढ्याचंच उत्तर देऊन मोकळं होता येतं.

रातकिडा

बॅटल पासबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. तिथे शक्यतेचा जुगार नाही, पण मुदत आहे. पैसे भरले, आता ठरावीक आठवड्यांत खेळून संपवा नाहीतर उरलेलं गेलं. मी काही महिने एक गेम फक्त पास वाया जाऊ नये म्हणून खेळत होतो. आवडीने नाही. 'हेलडायव्हर्स २'मध्ये पासला मुदत नाही, घेतला की कधीही पूर्ण करा. त्याने कंपनीचं दिवाळं निघालं नाही.

कलम_वाचक

दोन_मुलांची_आई, तुमचा प्रश्न मागे पडला होता, क्षमस्व. तिथे आधी यायला हवं होतं.

पहिलं म्हणजे खात्यावर कार्ड जोडून ठेवू नका. ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड भरा. कन्सोल आणि फोन दोन्हींवर मुलाचं वेगळं खातं काढता येतं, आणि त्यात दर खरेदीला तुमची मंजुरी लागेल अशी सोय आहे. बऱ्याच ठिकाणी महिन्याची मर्यादाही घालता येते. नवा गेम घेताना खोक्यावर किंवा दुकानाच्या पानावर बघा : एप्रिल २०२०पासून पेगी (युरोप) आणि ईएसआरबी (अमेरिका) या गेमना वयाचं मानांकन देणाऱ्या दोन्ही संस्थांनी "गेममध्ये खरेदी, त्यात यादृच्छिक वस्तू" अशा अर्थाची सूचना सुरू केली आहे. ती दिसली की आत लूट बॉक्स आहेत.

काही व्यवहार तुम्हाला न विचारता झाले असतील तर पावत्या जपून ठेवा आणि परतावा मागा. डिसेंबर २०२२मध्ये 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी फसव्या बटणांमुळे आणि मुलांनी परवानगीशिवाय केलेल्या खरेदीमुळे नुकसान झालेल्या ग्राहकांना परत द्यायचे होते. एकेका घराची रक्कम छोटी वाटली तरी तक्रार नोंदवा, नोंदवलेल्या तक्रारींचाही यात आधार होता.

पडद्यामागचा

ताई, यात एक भर. गेममधल्या आधार विभागाला परताव्यासाठी लिहाल तेव्हा "मुलाने चुकून घेतलं" एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या पडद्यावर, कोणत्या बटणाने, मंजुरी न विचारता खरेदी झाली ते लिहा, जमलं तर स्क्रीनशॉट जोडा. अशा तक्रारी रचनेच्या टीमकडे पाठवाव्या लागतात. "पैसे परत द्या" एवढंच असेल तर ते हिशोबाच्या विभागातच मिटतं आणि बटण होतं तिथेच राहतं.

दोन_मुलांची_आई

दोघांचेही मनापासून आभार. कार्ड काढून टाकलं, मंजुरीची सोय चालू केली. ती नक्की कुठे सापडते ते त्यानेच मला दाखवलं. स्क्रीनशॉट आजच काढते. त्या पेटीच्या पडद्यावर शक्यता कुठे लिहिली आहे ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. एका छोट्या प्रश्नचिन्हामागे, आणखी दोन पानं आत गेल्यावर सापडली. तक्रारीत तेही लिहिते आहे.

मोजपट्टी

तक्रारीत ते नक्की लिहा. आणि तिथे छापलेली शक्यता इथे टाकलीत तर एक वस्तू निघायला सरासरी किती पेट्या लागतात ते काढून देतो, मुलाला दाखवता येईल.